उषाची ५५.४२ सेकंदं आणि तुमची लेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या स्पर्धेत १००, २००, लांब उडी आणि रिले अशा चारही प्रकारांत पहिली येते. गावात सगळे तिला ‘आपली पी. टी. उषा’ म्हणतात. उषाचं ऑलिंपिक पदक शेवटच्या क्षणी छाती पुढं न झुकवल्यामुळं गेलं असं तुम्ही ऐकलंय, ते खरं का? आणि मुलीला कुठल्या शर्यतीत घालावं?

दोन्हींचं उत्तर उषाच्याच आयुष्यात सापडतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी सव्वीस वर्षं शाळा-कॉलेजच्या पोरांना धावायला शिकवतोय. तिची ती एक शर्यत कितीदा पाहिली याचा हिशेब नाही.

आधी छातीचं बघू. ८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजलिस, महिलांच्या ४०० मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवली होती. मोरोक्कोची नवाल एल मुतवाकिल ५४.६१ सेकंदांत पहिली आली, अमेरिकेची ज्युडी ब्राउन ५५.२० मध्ये दुसरी. तिसरी रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू, ५५.४१. चौथी उषा, ५५.४२. आपल्याकडं गोष्ट इथं संपवतात, पण पाचवा आकडाही बघा. स्वीडनची ॲन-लुईस स्कोग्लुंड ५५.४३ मध्ये पाचवी आली. तिघीजणी दोन शतांश सेकंदांत रेषेवर पोचल्या. उषा एका शतांशानं हरली आणि एका शतांशानं जिंकलीही.

शतांश सेकंद म्हणजे किती, हे मी पोरांना मैदानावरच दाखवतो. पंचावन्न सेकंदांत चारशे मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वासात मीटर. शतांशाला सात सेंटीमीटर. फक्कीनं मारलेल्या अंतिम रेषेला लावून हाताची चार बोटं आडवी ठेवतो आणि म्हणतो, हे एवढं. पोरं वाकून बघतात आणि गप्प होतात. फोटो-फिनिशमध्ये डोकं, हात, पाय धरत नाहीत, फक्त धड धरतात. त्यामुळं शेवटच्या पावलाला खांदे आणि छाती पुढं टाकणाऱ्याला ही चार बोटं मिळू शकतात. त्या झुकण्यात उषा कमी पडली, हे मलाही पटतं. तेव्हा तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही.

पण चारशे मीटरमध्ये चार बोटं हरवायच्या जागा कितीतरी असतात. महिलांच्या या शर्यतीत दहा हर्डल्स असतात, प्रत्येकाची उंची ७६.२ सेंटीमीटर. सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत ४५ मीटर, मग दर ३५ मीटरवर एक, आणि शेवटच्या हर्डलनंतर अंतिम रेषेपर्यंत ४० मीटर. त्या ३५ मीटरमध्ये किती पावलं टाकायची हे आधी ठरवून घोटावं लागतं. पंधरा किंवा सतरा टाकली तर दर वेळी तोच पाय आधी जातो. दमल्यावर पावलं आखूड होतात, पंधराची सोळा होतात, आणि मग ऐन हर्डलसमोर दुसऱ्या पायानं जायची वेळ येते. दुसरा पाय तयार नसेल तर पोरगी हर्डलच्या तोंडाशी बारीक पावलं टाकत अडखळते. बघणाऱ्याला ते कळतही नाही, पण घड्याळाला कळतं. हर्डलवरून थोडं जास्त उंच गेलं तरी तेच होतं, कारण हवेत असताना वेग वाढवता येत नाही. दहा हर्डल्सपैकी एकावर जरी शतांश-दोन शतांश सांडले, तर शेवटी छाती झुकवून ते भरून काढायची पाळी येते.

हे सगळं शर्यती खेळून अंगात मुरतं, नुसत्या सरावानं नाही. आणि उषा तेव्हा ४०० हर्डल्समध्ये नवी होती. ती मुळात १०० आणि २०० मीटरची धावपटू. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत येतेय म्हटल्यावर प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी तिला तिकडं वळवलं. भारतात या शर्यतीची वाट एम. डी. वलसम्मानं दाखवली होती. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तिनं ५८.४७ मध्ये सुवर्ण घेतलं होतं. उषा मोजक्या शर्यतींच्या अनुभवावर लॉस एंजलिसला गेली आणि सेमीफायनल ५५.५४ मध्ये जिंकली. वीस वर्षांची पोर, हर्डल्समध्ये जेमतेम रुळलेली, आणि एशियाडच्या सुवर्णापेक्षा जवळपास तीन सेकंद पुढं. मला त्या स्पर्धेतली हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

फायनलमध्ये दुसऱ्या एका धावपटूचा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे ती गोळीआधीच सुटली, आणि सगळ्यांना परत ब्लॉकवर यावं लागलं. आज पहिल्याच चुकीला बाहेर काढतात. तेव्हा प्रत्येकीला एक चूक माफ असायची. पहिल्या गोळीला उषा चांगली सुटली होती, दुसऱ्यांदा तशी सुटली नाही असं सांगतात. ज्यानं कधी ब्लॉकवर पाय रोवलेत त्याला हे लगेच समजेल. एकदा सगळं अंग ताणून सोडलं की अर्ध्या मिनिटात पुन्हा तसंच ताणणं सोपं नसतं, आणि ती सवयही शर्यती खेळूनच लागते.

जेवणाचंही आहेच. उषानं नंतर सांगितलंय की तिथं ओळखीचं खायला काही मिळेना, भाताची पेज आणि लोणचं यावर तिनं दिवस काढले, आणि शेवटच्या ३५ मीटरमध्ये अंगात जोर राहिला नाही. कोकणातल्या वाचकांना पेज म्हणजे काय ते सांगायला नको. आजाऱ्याला देतात ती. ऑलिंपिक फायनल धावणारी मुलगी त्यावर होती. मी हे पालकांच्या प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण आमच्याकडंही पोरं सकाळी चहा-बिस्किटावर मैदानात येतात.

काहीजण म्हणतात की त्या वर्षी सोव्हिएत युनियन आणि पूर्व जर्मनीनं बहिष्कार घातला होता, त्यामुळं ती शर्यतच हलकी होती. बहिष्कार होता हे खरं. जूनमध्येच सोव्हिएत युनियनच्या मार्गारिता पोनोमारेवानं ५३.५८ चा विश्वविक्रम केला होता आणि ती लॉस एंजलिसला आली नाही. पण समोर उभ्या असतील त्यांच्याशीच धावता येतं. आणि ५५.४२ ही वेळ कुणी आलं-न आलं म्हणून बदलत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच वेळेत आहे. उषा १९८४ नंतरही कितीतरी वर्षं धावली, पण ४०० हर्डल्समध्ये ५५.४२ पेक्षा चांगली वेळ तिला पुन्हा कधीच देता आली नाही. जिला आपण हुकलेली शर्यत म्हणतो, ती या प्रकारातली तिच्या आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत होती. तो राष्ट्रीय विक्रम पुढं ३९ वर्षं टिकला. २ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊ एशियाडच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, विथ्या रामराजनं नेमकी ५५.४२ चीच वेळ देऊन त्याची बरोबरी केली. तो दिवस मी विसरणार नाही. आकडा पडद्यावर आला तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणीतरी ‘जुनी बातमी का टाकली’ असं विचारलं होतं.

मग वीस वर्षांची, नव्यानं हर्डल्सकडं आलेली मुलगी पुढच्या चार वर्षांत आणखी सुधारली का नाही? त्यासाठी थोडं मागं जाऊन सगळी कारकीर्द बघू.

उषाचा जन्म २७ जून १९६४ चा, केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यातला. वाढली पय्योळी या समुद्रकाठच्या गावात, म्हणून पुढं तिचं नाव ‘पय्योळी एक्सप्रेस’ पडलं. लहानपणी तब्येत नाजूक. १९७६ मध्ये केरळ सरकारनं कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला, त्यात तिची निवड झाली. महिना २५० रुपये शिष्यवृत्ती. तिथंच नंबियार भेटले. ते हवाई दलातून आलेले, स्वतः धावपटू. तिचा सडसडीत बांधा आणि झपझप चालणं त्यांच्या नजरेत भरलं. हे मला फार खरं वाटतं. आम्हीही पोरं निवडताना धावण्याआधी चालणं बघतो. पाय जमिनीला चिकटत नाही, चवड्यावरून पटकन उचलला जातो, अशी मुलगी प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा ओळखू येते.

१९७८ मध्ये कोल्लमच्या आंतरराज्य ज्युनियर स्पर्धेत तिनं सहा पदकं घेतली. त्यात १००, २००, ६० मीटर हर्डल्स आणि चक्क उंच उडीचं सुवर्ण होतं, लांब उडीचं रौप्यही. म्हणजे चौदाव्या वर्षी तीही तुमच्या मुलीसारखी सगळ्याच गोष्टींत पुढं होती. त्या वयात ते चांगलंच असतं. उड्यांमुळं पायात उसळी येते, हर्डल्समुळं कंबर मोकळी होते. १९८० ला सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिक. १०० मीटरच्या हीटमध्ये १२.२७, तिथंच बाहेर. १९८२ ला दिल्लीत १०० आणि २०० मध्ये दोन रौप्यं. पुढच्या वर्षी कुवेतला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत (ही एशियाडहून वेगळी, फक्त ॲथलेटिक्सची) ४०० मीटरचं सुवर्ण. नंबियार तिला पय्योळीच्या किनाऱ्यावर वाळूत पळवायचे. सिंथेटिक ट्रॅक जवळ नव्हता, समुद्र होता. ओली वाळू पाय धरून ठेवते, पोटरीचा कस लागतो, पण पाय आपटत नाही. साधनं नसलेल्या प्रशिक्षकाची ती सोय होती, आणि उत्तम होती.

मग १९८४, आणि त्यानंतरची ती दोन डोळे दिपवणारी वर्षं. १९८५ ला जकार्ताच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत पाच सुवर्ण: १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ × ४०० रिले. शिवाय ४ × १०० रिलेचं कांस्य. काही दिवसांत सहा प्रकार, त्यांच्या हीट्स धरून. १९८६ ला सोल एशियाडमध्ये २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ × ४०० रिलेची चार सुवर्णं. १०० मीटरमध्ये फिलिपिन्सची लिडिया डी वेगा पहिली आणि उषा दुसरी. त्या एशियाडमध्ये सगळ्या भारताला मिळून सुवर्णं किती? पाच. पाचवं कुस्तीत कर्तार सिंगचं. बाकीच्या चारही सुवर्णांत उषा होती.

हे वाचून ऊर भरून येतो, माझाही येतो. पण प्रशिक्षक म्हणून मी त्याच आकड्यांखालचा दुसरा आकडा बघतो: सोलमध्ये ४०० हर्डल्सचं सुवर्ण मिळालं त्याची वेळ ५६.०८ होती. लॉस एंजलिसपेक्षा सहासष्ट शतांश हळू. आशियात ती कशातही उतरली तरी पदक येत होतं, म्हणून तिला सगळ्यातच उतरवलं गेलं. आशियात त्याचं फळ मिळालं, जगात त्याची किंमत मोजावी लागली, असं माझं मत आहे. शंभर मीटरचा सराव वेगळा, चारशेचा वेगळा, हर्डल्सचा आणखी वेगळा. एकाच हंगामात पाच ठिकाणी धार लावायची तर कुठलीच पात पुरती धारदार होत नाही. नंबियारांना मी दोष देत नाही. १९८५ मध्ये ज्या पहिल्या प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला त्यात ते होते आणि तो त्यांचा हक्कच होता. देशाला पदकं हवी होती, आणती होती एकटी उषा. त्या जागी मी असतो तर मलाही तिला थांबवता आलं नसतं.

१९८८ ला सोल ऑलिंपिकला जाताना तिची टाच दुखावलेली होती. हीटमध्येच ती बाहेर पडली. टाचेचं दुखणं धावपटूला कसं पोखरतं हे बाहेरच्याला समजत नाही. चवड्यावर धावणाऱ्याचा प्रत्येक ठोसा पोटरीतून टाचेच्या शिरेत जातो. हर्डल उतरताना तर अख्खं अंग एका पायावर येतं. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत टाकावी लागतात, मग अंग तापतं आणि दुखणं गेलं असं वाटतं. ते गेलेलं नसतं.

तरी १९८९ ला दिल्लीच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ती चार सुवर्णं आणि दोन रौप्यं घेऊन उभी राहिली. १९९० ला बीजिंग एशियाडमध्ये तीन रौप्यं घेतली आणि थांबली. पुढं लग्न, मुलगा. आणि मग, माझ्या मते तिच्या आयुष्यातली सगळ्यांत कमी सांगितली जाणारी गोष्ट: १९९८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, आई झाल्यावर, फुकुओकाच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत तिनं २०० आणि ४०० मध्ये कांस्य मिळवलं. रचिता मिस्त्री, ई. बी. शैला आणि सरस्वती साहा यांच्याबरोबर ४ × १०० रिलेचं सुवर्णही. लग्न ठरलं की मुलीचे स्पाइक्स माळ्यावर जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की ही गोष्ट मुलींच्या आयांना मी मुद्दाम सांगतो.

२००० मध्ये तिनं कायमची निवृत्ती घेतली. २०२२ मध्ये राज्यसभा आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचं अध्यक्षपद आलं; त्यावर बोलायची ही जागा नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २००२ मध्ये तिनं केरळमध्येच सुरू केलेलं ॲथलेटिक्स स्कूल. तिथली टिंटू लुका बघा. उषानं तिला आपल्यासारखं सगळीकडं पळवलं नाही. ८०० मीटर हा एक प्रकार धरला, वर्षानुवर्षं तोच घोटला. २०१० मध्ये टिंटूनं १:५९.१७ चा राष्ट्रीय विक्रम केला, २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये रौप्य घेतलं. आपल्या कारकिर्दीतून उषा स्वतः काय शिकली, हे मला तिच्या कुठल्याही भाषणापेक्षा इथं दिसतं.

आता माझं एक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा सल्ला मला हक्कानं देता येणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगी होती, तुमच्या मुलीएवढीच, तशीच सगळ्यात पहिली येणारी. जिल्हा स्पर्धेत शाळेला चॅम्पियनशिप हवी होती. मी तिला एका दिवसात १००, २००, लांब उडी आणि रिलेत उतरवलं. दुपारी साडेतीनला रिलेच्या शेवटच्या टप्प्यात बॅटन घेताना ती मध्येच उभी राहिली आणि मांडीमागं हात लावून खाली बसली. हॅमस्ट्रिंग फाटला होता. सकाळी वॉर्म-अपच्या वेळी ती म्हणाली होती, ‘सर, पाय ओढतोय.’ मी म्हणालो होतो, पळ, मोकळा होईल. ट्रॉफी आम्हाला मिळाली. ती परत धावायला लागली आठ महिन्यांनी, पण गोळी झाल्यावर तो पाय ती कधीच मोकळा सोडू शकली नाही. चूक माझी होती. तिच्या वडिलांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल. तेराव्या वर्षी तिला एकाच शर्यतीला बांधू नका. सरावात सगळं करू द्या. उड्या, कमी उंचीच्या हर्डल्स, चेंडूफेक, खो-खो खेळत असेल तर तेही. खो-खोतल्या पोरींचा पहिला झपाटा बघण्यासारखा असतो. पण स्पर्धेत एका दिवशी दोनच प्रकार. शाळा आग्रह करेल, क्रीडाशिक्षक म्हणतील एवढी रिले फक्त. तुम्ही नाही म्हणा. माझ्यासारख्यालाही नाही म्हणा.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तिची उंची झपाट्यानं वाढेल आणि वेळ सुधारायची थांबेल, कदाचित बिघडेलही. घाबरू नका आणि सराव दुप्पट करू नका. लांब झालेले पाय वापरायला शरीराला वेळ लागतो. याच वयात टाच दुखायला लागते, कारण पोटरीची शीर टाचेच्या वाढत्या हाडाला जिथं धरते तिथं ताण येतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की ती ओरडेल. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवा, धावणं-उड्या बंद, आणि दुखणं जाईपर्यंत सायकल आणि पोहणं.

४०० किंवा ४०० हर्डल्सचा निर्णय सोळाव्या-सतराव्या वर्षी घ्या. तोवर हर्डल दोन्ही पायांनी घ्यायला शिकवा, एका दिवशी डावा आधी, दुसऱ्या दिवशी उजवा. आत्ता तिला ते खेळासारखं वाटेल, नंतर शिकायला गेलं तर वर्ष मोडतं. आणि एकदा शर्यत ठरली की त्या शर्यती भरपूर खेळू द्या, हरायच्या असल्या तरी. छाती झुकवणं मी शेवटी शिकवतो, दहा मिनिटांत येतं ते.

सकाळी मैदानावर येण्याआधी तिला एक भाकरी किंवा दोन केळी, आणि परत आल्यावर अर्ध्या तासात दूध-अंडं किंवा उसळ. तिच्या वह्यांपैकी एक वही धावण्याची करा: तारीख, काय केलं, रात्री किती झोपली, कुठं दुखतंय. ‘कुठं दुखतंय’ हा रकाना तिनं स्वतः भरायचा, आणि तुम्ही रोज वाचायचा.